बुंदीचं रक्त थांबेना तेव्हा

बुंदी वाचली, हे मी आधीच सांगून टाकते. तुमच्या घरचं जनावर आजारी असेल आणि म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर शेवटी काय झालं याच धास्तीत राहाल, मधलं काहीच डोक्यात शिरणार नाही. माझंही तसंच झालं असतं. तर ती वाचली. आत्ता ती अंगणातल्या तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तुऱ्हाट्यांच्या ढिगावर चढून एका सरड्यावर भुंकते आहे आणि मी कितीही हाका मारल्या तरी खाली यायला तयार नाही.

मी काही लिहिणारी बाई नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरजवळच्या आमच्या तांड्यावर मी शिवणकाम करते. मुलगी पायल नागपुरात नर्सिंग शिकते. लिहून काढ म्हणणारी तीच. कोणाचं कुत्रं आजारी पडलं की लोक मला फोन करतात आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत बसते, हे तिने सुट्टीत पाहिलं. यात औषधांची नावं, प्रमाण काही नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. आमच्यावर काय गुदरलं आणि आम्ही त्यातून कसे बाहेर पडलो, एवढंच आहे.

कापसाच्या गाडीतून आलेली

पायलच्या बाबांची छोटी मालवाहू गाडी आहे. हंगामात ते तांड्यावरचा कापूस नेरच्या जिनिंगला नेतात, एरवी सिमेंट, खत, लग्नाचे मंडप, जे मिळेल ते. आम्ही बंजारा. आमची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडायची. माझ्या सासूबाई त्यावरून मुलाला चिडवतात की बैल गेले, चाकं आली, पण तुझं भटकणं काही सुटलं नाही. सासूबाईंना आम्ही सगळे याडी म्हणतो. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई.

एकदा कापूस रिकामा करून गाडी परत आली आणि ताडपत्रीखाली एक पिल्लू निघालं. नाकाला कापूस चिकटलेला, अंगावर पिवळे-तपकिरी ठिपके. पायलने जागेवरच नाव ठेवलं, बुंदी. याडीने त्याच दिवशी कायदा सांगितला, कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर. बुंदीने तो कायदा पहिल्याच आठवड्यात मोडला. याडी तिला काठी दाखवून बाहेर काढायची आणि मग स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी बाहेर नेऊन टाकायची. विचारलं तर म्हणायची, उरली होती.

पायल नागपूरला गेल्यावर बुंदी गाडीची झाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की कुठेही असली तरी धावत येऊन बाबांच्या शेजारच्या सीटवर उडी मारायची. त्यांनाही सवय लागली. रस्त्याने तिच्याशी बोलत जातात, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

काटा

उन्हाळा सरत आला होता. एका दुपारी बुंदी लंगडत आली. पंजात बाभळीचा काटा होता. मी तो ओढून काढला, हळद दाबली आणि मशीनवर जाऊन बसले. आमच्याकडे काटा म्हणजे रोजची गोष्ट. संध्याकाळी पाहिलं तर पंजाखालची फरशी लाल. मी चिंधी बांधली. सकाळी ती चिंधी पिळावी इतकी ओली होती.

तेवढ्यात बाबांनी गाडी सुरू केली. बुंदीने फक्त मान वर केली आणि परत खाली ठेवली.  मी तिच्याजवळ बसून तिचा ओठ वर केला. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या आपल्यासारख्याच गुलाबी असतात. तिच्या भिजवलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या होत्या.

शेजारपाजारचे जमले. कोणी म्हणालं गोचिडाचा ताप आहे, कोणी म्हणालं ऊन लागलं, ताक पाजा. एक जण माणसाची तापाची गोळी घेऊन आला, अर्धी दे म्हणाला. ती मी दिली नाही. आपल्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधतात, हे पायलने मागे एकदा बजावलं होतं. बाबा म्हणत होते, आजचा दिवस पाहू. एवढ्यात बुंदी खोकली आणि तिच्या तोंडासमोर फरशीवर गुलाबी फेस पडला.  बाबांनी तिला उचलून गाडीत ठेवलं.

नेरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि आम्हाला खाली उतरूही दिलं नाही. सरळ यवतमाळला न्या, इथे हिला लागेल ते माझ्याजवळ नाही, मी पुढे फोन करून ठेवतो, असं ते म्हणाले. त्यांनी आमचा एक क्षणही वाया घालवला नाही, हा त्या दिवसातला पहिला उपकार.

रस्त्यात आमचं भांडण झालं. पायलची परीक्षा चालू होती. बाबा म्हणत होते, तिला आत्ता सांगायचं नाही. मी म्हणत होते, कुत्री तिची आहे. बुंदीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि आम्ही दोघं तिच्यावरून एकमेकांवर ओरडत होतो. आता आठवलं की वाटतं, आम्ही भांडत नव्हतो, भीत होतो.

नळीतलं रक्त

यवतमाळच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान. त्यांनी बुंदीचं थोडं रक्त काढून काचेच्या साध्या नळीत घेतलं, ती नळी मुठीत धरली आणि मधून मधून तिरपी करून पाहू लागल्या. मी नळीकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त पाहत होते. रक्त नळीत इकडून तिकडे पाण्यासारखं धावत राहिलं.

"हिचं रक्त गोठत नाहीये," त्या म्हणाल्या. काटा निमित्त होता. बुंदीला आतून रक्तस्राव होत होता, फुप्फुसातही. मॅडमनी सांगितलं की असं होण्यामागे इकडे मुख्यतः दोन कारणं सापडतात. एक म्हणजे घोणस चावली असेल. दुसरं म्हणजे उंदीर मारायचं औषध पोटात गेलं असेल. ते औषध लगेच काही दाखवत नाही. कुत्रं तीन-चार दिवस हसतंखेळतं राहतं आणि मग एकाएकी कोसळतं. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा, आणि चुकीचा इलाज करत बसायला वेळ नव्हता.

घरात उंदराचं औषध आहे का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एका आवाजात नाही म्हणालो. मी आणलं नव्हतं, बाबांनी आणलं नव्हतं. मग बाबांचा चेहरा बदलला. आमच्या शेजारी विजू राहतो. बुंदीने त्याच्या कोंबड्या दोनदा उधळल्या होत्या आणि तो रागाने बरंच बोलला होता.

"त्यानंच घातलं," बाबा उठत म्हणाले. "जाऊन विचारतोच त्याले."

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. "कोणी घातलं ते मला नको. काय खाल्लं ते हवं. घरी आणखी कोण आहे?"

घरी याडी होती. मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, याडी, घरात कुठं उंदराचं औषध ठेवलंय का कोणी? पलीकडून विजूच्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"मी ठेवलं," याडी म्हणाली. "माझ्या पेटीमागं. तिनं खाल्लं काय व?"

याडीच्या पेटीत तिचा लग्नातला फेटिया आहे. आरशांचा, कवड्यांचा आमचा जुना घागरा. उंदरांनी त्याचा काठ कुरतडला होता. याडीने बाजारातून निळ्या वड्या आणल्या आणि पेटीमागे भिंतीशी ठेवल्या. आम्ही नको म्हणू, म्हणून सांगितलं नाही. आता तिने फोन हातात धरूनच पेटी सरकवून पाहिलं. एकही वडी उरली नव्हती. बुंदी उंदराच्या वासाने तिथे शिरली असणार.

मॅडमना पाकीट पाहायचं होतं. याडीला फोनवर फोटो काढता येत नाही. ती पाकीट घेऊन ज्याच्याकडे धावली तो विजू. त्याने दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिलं, कुत्री कशी आहे ते कळवा. बाबांनी तो फोटो मॅडमना दाखवला आणि बराच वेळ मान खालीच ठेवली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरात जहर आणून ठेवायचं आणि कोणाला सांगायचंही नाही! पण इंजेक्शन भरता भरता मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी अर्धा इलाज केला. लोक फोनवर कबूल करत नाहीत. आम्ही अंदाज करत राहतो आणि जनावर जातं."

याडी नाही म्हणाली असती तर कोणाला कळणार होतं? आमचा संशय तर विजूवर होताच.

सुलतान

रक्त गोठवणारं इंजेक्शन दिलं, पण त्याचा गुण यायला कित्येक तास लागणार होते आणि बुंदीच्या अंगात तेवढे तास निघतील एवढं रक्त नव्हतं. तिला रक्त चढवावं लागणार होतं. कुत्र्याला रक्तही देतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या कुत्र्याचंच लागतं. ते अंगापिंडाने मोठं, निरोगी आणि सगळ्या लसी झालेलं हवं. मॅडमनी कोणाकोणाला फोन केले. एकाचं कुत्रं म्हातारं होतं, एकीला नुकतीच पिल्लं झाली होती. मग त्यांनी लोहाऱ्याला फोन लावला.

यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रफिकभाईंचं ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप आहे. त्यांचा सुलतान तिथे राखणीला असतो. फोन झाला तेव्हा त्यांचं वेल्डिंग चालू होतं. ते काम तसंच टाकून ते आले, अंगावर काळा ॲप्रन, कपाळावर चष्मा, आणि सोबत वासराएवढा कुत्रा. सुलतानला पाहून कोपऱ्यात कोणी तपासायला आणलेली बकरी उठून उभी राहिली. तो मात्र शांतपणे आत आला आणि टेबलापाशी थांबला.

रफिकभाईंनी एकच विचारलं, "याले काही होणार तं नाही, डॉक्टरसाहेब?" मॅडमनी समजावलं की घ्यायचं तेवढंच घेऊ, तो दोन दिवस थोडा सुस्त राहील, चांगलं खाऊ घाला. मग रफिकभाईंनी सुलतानचं तोंड आपल्या हातात धरलं. सुईच्या वेळी तो एकदा शहारला.

"हिलना मत बेटा," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "एक बच्ची की जान का सवाल है."

आणि सुलतान हलला नाही. माणसांसाठी असते तसलीच पिशवी हळूहळू भरत गेली. मी बुंदीपाशी उभी होते. तिचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिला पायलच्या आवाजात हाक मारून पाहिली. कानही हलला नाही.

रक्त चढायला लागलं आणि थोड्याच वेळात बुंदी थरथरू लागली. मॅडमनी लगेच ते थांबवलं. मला वाटलं, संपलं. बाबा दार धरून उभे होते, त्यांना आत पाहवेना. मॅडमनी काहीतरी टोचलं, तिला पांघरूण घातलं, आणि थरथर थांबल्यावर थेंब अगदी हळू करून पुन्हा सुरू केलं. त्या स्वतः स्टूल घेऊन तिथेच बसल्या. बाकीचे लोक आपापली जनावरं घेऊन बाहेर थांबले होते. एकानेही आमचा नंबर कधी म्हणून विचारलं नाही.

पिशवी अर्ध्यावर आली तेव्हा मॅडमनी बुंदीचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. हिरडीवर फिकट गुलाबी रंग आला होता. पहाटे आभाळाच्या कडेला यावा तेवढाच. मी बाबांना आत ओढून आणलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि नेहमी गाडी सुरू करताना म्हणतात तसं म्हणाले, "चल व बुंदे." शेपटीचं टोक पांघरुणाखाली हललं. एकदाच. पण आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

रफिकभाई तोवर थांबले होते. सुलतानला बिस्किटांचा पुडा चारत बाहेरच्या पायरीवर बसले होते. बाबा त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानायला लागले.

"भाऊ, शुक्रिया याले म्हणा," रफिकभाई म्हणाले. "मी तं फक्त डोकं धरलं."

बाबा खरंच खाली बसले आणि सुलतानच्या डोक्यावर हात ठेवून धन्यवाद म्हणाले.

दवाखान्यातले दिवस

बुंदीला काही दिवस तिथेच ठेवावं लागलं. आम्ही यवतमाळात बाबांच्या मावसभावाकडे राहिलो. सकाळी दवाखान्याचं शटर वर व्हायच्या आधीच मी पायरीवर असायची. रोजचा क्रम ठरून गेला. हिरड्या पाहायच्या, पंजाची पट्टी पाहायची, लघवीचा रंग पाहायचा. आधी कोणी मला सांगितलं असतं की कुत्रीची लघवी स्वच्छ पिवळी झाली म्हणून तू आनंदाने डोळे पुसशील, तर मी हसले असते.

दवाखान्यात ओळखी फार लवकर होतात. बकरी घेऊन येणाऱ्या एका म्हातारीने रोज मला आपल्या किटलीतला चहा दिला. पंख मोडलेला पोपट घेऊन येणारे एक मास्तर बुंदीसाठी उकडलेलं अंडं आणायचे. तिने पहिल्यांदा तोंडाला काही लावलं ते त्यांचं अंडं. मास्तरांनी ती गोष्ट आपल्या पोपटाला मोठ्याने सांगितली.

पायलला आम्ही तिचा शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. बाबांचं ऐकलं मी शेवटी. तिने आधी हिरड्यांचा रंग विचारला. मग म्हणाली, "आई, आम्हाला शिकवतात की पेशंटच्या नातेवाइकांपासून काही लपवायचं नाही. मी बुंदीची नातेवाईक नाही काय?"  दुसऱ्या दिवशी ती यवतमाळात हजर. बुंदीने तिला पाहून उठायचा प्रयत्न केला, पाय घसरले, पुन्हा केला आणि उभी राहिली. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, न्या आता घरी.

गोळी याडीची

गाडी तांड्यावर शिरली तेव्हा याडी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरासमोर, रस्त्यातच उभी होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. गाडीच्या खिडकीतून हात आत घालून तिने बुंदीचं तोंड चाचपलं. "आली व माय," एवढंच म्हणाली. विजूच्या बायकोने मला नंतर सांगितलं की आम्ही नव्हतो तेवढे दिवस याडी धड जेवली नव्हती.

आता महिनाभर रोज गोळी द्यायची होती. उंदराच्या औषधाचं जहर अंगात फार दिवस दडून बसतं. कुत्रं बरं दिसलं म्हणून मधेच गोळी सोडली तर रक्तस्राव परत सुरू होतो, आणि दुसऱ्यांदा वाचवणं कठीण जातं. गोळी स्निग्ध खाण्यासोबत द्यायची आणि तोवर तिला धावू-उड्या मारू द्यायचं नाही. हे सगळं मी बाबांना सांगत होते, तर याडीने माझ्या हातातून गोळ्यांची पट्टी काढून घेतली. "गोळी मी देईन."

आणि तिने दिली. भाकरीच्या गोळ्यात लोणी, लोण्यात गोळी. एक दिवस चुकला नाही. उंबऱ्याबाहेरचा कायदा केव्हा मोडीत निघाला, ते कोणी जाहीर केलं नाही. बुंदीचं पोतं याडीच्या खाटेशी आलं. तिसऱ्या आठवड्यात बुंदी दोरीला हिसके द्यायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, आता ठणठणीत झाली, कायले उगाच गोळ्या चारता. याडीने त्यांना फैलावर घेतलं. "डाक्टरीणबाईनं महिना म्हणलं. तू डाक्टर होय काय?" बाबा गुपचूप गाडी पुसायला निघून गेले.

माझ्या मनात मात्र अढी होती. मी याडीला काही बोलले नव्हते, पण नेहमीसारखं बोलतही नव्हते. एका दुपारी ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

"तुले राग आलता ना," ती म्हणाली. "बोलून टाक. पोटात ठेवू नको."

मी मशीन थांबवलं. "आलता याडी. लय आलता. पण तुमी नाही म्हणलं असतं तं बुंदी आज नसती."

"नाही कसं म्हणू? मग तिच्याकडं पाहू कशी मी?"

एवढंच आमचं बोलणं झालं. ती उठली आणि दोघींसाठी चहा टाकायला गेली. त्या चहाला बऱ्याच दिवसांनी चव लागली.

गोळ्या संपल्यावर काही दिवस मोकळे जाऊ देऊन पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. या वेळी याडीही गाडीत बसली. बुंदी तिच्या आणि बाबांच्या मधे. मॅडमनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा नळी मुठीत धरली. थोड्या वेळाने त्यांनी ती आडवी केली, मग चक्क उलटी केली. आतलं रक्त थिजलेल्या तुपासारखं जागच्या जागी राहिलं. मॅडमनी ती उलटी नळी तशीच वर धरून सगळ्या दवाखान्याला दाखवली. बाबांनी त्या नळीचा फोटो काढून पायलला पाठवला आणि मग विजूलाही.

परत येताना आम्ही लोहाऱ्याला गेलो. दोघांची भेट घालून द्यावी असं आमच्या मनात होतं. सुलतानने बुंदीला एकदा हुंगलं आणि जाऊन ट्रॉलीच्या सावलीत झोपला. बुंदीने त्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन टाकलं. रफिकभाई हसून हसून बेजार झाले.

घरातलं बदललेलं

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की जहर लपवून ठेवणं म्हणजे जपून ठेवणं नव्हे. तुम्ही ज्या कोपऱ्यात उंदरासाठी ठेवता, त्याच कोपऱ्यात कुत्र्याचं नाक पहिलं जातं. आणि उंचावर ठेवलं तरी उंदीर ते ओढून खाली आणतात. आमच्याकडे आता पिंजरा आहे, आणि याडीची पेटी पत्र्याच्या स्टँडवर चढली आहे. फवारणीचं औषध ज्या बादलीत कालवतो ती शेतातच राहते, घरी येत नाही. कुत्रं बादली पाहिली की पाणी समजून तोंड घालतं. औषध चोळलेलं रंगीत बियाणं कोठीत कुलूप लावून. कोंबडीची शिजवलेली हाडं बुंदीला बंद, कारण ती तुटून टोकदार होतात. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर नेण्याआधी मी माझा तळहात टेकवून पाहते. गोचीड आठवड्यातून एकदा कानात, बोटांच्या बेचक्यात बघायचे.

आणि काही पोटात गेलं असं नुसतं वाटलं तरी थांबू नका. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. पाकीट उचला आणि डॉक्टर गाठा. कुत्रं तोवर खेळत असेल, तरीही. घरच्यांना विचारा, पण असं विचारा की त्यांना खरं सांगता येईल. ओरडून विचारलं तर कोणीच सांगणार नाही.

बाजारातली याडी

बुंदी बरी झाल्यावर याडीने एक नवीन काम धरलं. नेरच्या बाजारात ज्या माणसाकडून तिने त्या वड्या घेतल्या होत्या, त्याच्या दुकानाशेजारी ती उभी राहायला लागली. कोणी उंदराचं औषध मागितलं की याडी विचारायची, घरी कुत्रं आहे काय, मांजर आहे काय, लहान लेकरू आहे काय. मग बुंदीची सगळी गोष्ट. दुकानदार आधी वैतागला. म्हातारी गिऱ्हाईक पळवते म्हणून बाबांकडे तक्रारही केली. याडी म्हणाली, तू विक ना बाबा, मी कुठं नाही म्हणते, पण सांगून विक. काही बाजार असेच गेले. मग एकदा याडीला ताप होता म्हणून ती गेली नाही. मी भाजी घ्यायला गेले, तर तोच दुकानदार एका गिऱ्हाइकाला विचारत होता, घरी कुत्रं आहे काय. घरी येऊन मी याडीला हे सांगितलं. तिचा ताप त्याच दिवशी उतरला.

आणि मागच्या महिन्यात आमच्या दारात एक मोटरसायकल थांबली. पलीकडच्या गावची एक बाई होती, नवऱ्यामागे बसून आलेली, आणि तिच्या मांडीवर काळंभोर, जाडजूड कुत्रं. तिने याडीला बाजारात पाहिलं होतं. तिने वडी घेतली होती, जपूनही ठेवली होती, तरी कुत्र्याने शोधून काढलीच. पण तिला याडीचं बोलणं आठवलं. कुत्रं उड्या मारत असतानाच ती पाकीट घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ओकवून सगळं बाहेर काढलं, थोडे दिवस गोळ्या दिल्या. रक्त पडणं नाही, भरती करणं नाही. नुसतं सांगायला ती इतक्या लांब आली होती.

याडीने त्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग पुन्हा एकदा पाहिल्या.

"याले काहीच झालं नाही?"

"काहीच नाही झालं, आजी."

याडी मोठ्याने हसली. तिचं तसं हसणं मी घरात आल्यापासून मोजकंच ऐकलं आहे. "मंग ये व, बस," ती त्या बाईचा हात धरून म्हणाली, "चहा घेऊन जाय."